अक्कलदाढ गेली, जाताना अर्धी जीभ घेऊन गेली

नौपाडेकर
मंडळी, शीर्षक वाचून हसलात तरी चालेल, मीही पहिले दोन दिवस हसतच होतो. तेरा दिवसांपूर्वी खालची डावी अक्कलदाढ काढली. आडवी झोपलेली होती, शेजारच्या दाढेला ढुशा देत. थोडं हाड कोरून, दाढेचे दोन तुकडे करून पाऊण तासात काम झालं. भूल उतरली, ओठ जागेवर आला, हनुवटी जागेवर आली, जीभ काही आली नाही. म्हणजे आहे, हलते, बोलणंही फारसं अडत नाही. पण मधोमध रेघ मारल्यासारखी डावी बाजू बधिर. दातांवरून फिरवली की उजवीकडे दात लागतात, डावीकडे कापूस.

परवा धीर करून मामलेदारची मिसळ खाल्ली, तीही तिखटातली. जन्मात पहिल्यांदा मिसळ अर्ध्या तोंडाला लागली. उजवीकडे आग, डावीकडे सुट्टी. आणि गिळताना घशापाशी मात्र दोन्हीकडून भडका! समोर बसलेला मित्र म्हणाला, नाटकं करतोयस.

दाढ काढणारे डॉक्टर म्हणतात, "होतं असं, येईल." कधी, म्हटलं तर "बघू." मला कळत नाहीये ते असं : दाढेचा आणि जिभेचा संबंध काय? घसा कसा वाचला? आणि नुसता स्पर्श गेलाय की चवही, हे ओळखायचं कसं? कारण बायकोच्या आमटीत मीठ कमी असेल तर ते मला अजून बिनचूक कळतं.

कढीपत्ता
"डावीकडे सुट्टी" – हसून हसून पुरेवाट. पण मिसळीचे प्रयोग जरा थांबवा. तर्री उकळती असली तरी त्या बाजूला कळणार नाही, पोळेल आणि दुसऱ्या दिवशी आरशात दिसेल.

दंतोपंत
वाशीला दवाखाना आहे, त्यामुळे या धाग्यावर येणं भागच होतं. 😀

नौपाडेकर, कढीपत्ता म्हणतात ते पाळाच. पोळण्याइतकंच चावण्याचंही बघा. बधिर बाजू दाताखाली येते आणि दुखत नाही म्हणून माणूस चावतच राहतो.

आता संबंध. खालच्या जबड्यात दोन नसा आमची झोप उडवतात. एक हाडाच्या आत, दाढांच्या मुळांखालच्या बोगद्यातून जाते. ती खालच्या दातांची, ओठाची आणि हनुवटीची. हा बोगदा ओपीजी एक्सरेत दिसतो, म्हणून दाढ काढण्याआधी हा सगळ्या जबड्याचा एक्सरे काढायला सांगतात. दुसरी जिभेची नस. ती हाडात नसतेच, अक्कलदाढेच्या आतल्या अंगाला, हिरडीखालून सरकत जिभेत शिरते. काहींच्यात हाडाला अगदी चिकटून, काहींच्यात हाडाच्या काठाच्याही वर. आणि एक्सरेत ती दिसत नाही. हाड कोरताना हिरडी बाजूला धरली जाते तेव्हा ती ताणली किंवा चेपली जाऊ शकते. तुमचा ओठ परत आला, म्हणजे पहिली नस शाबूत. त्रास दुसरीला झालाय.

बहुतेकांची आपोआप सुधारते, काही आठवडे ते काही महिने लागतात. पण "बघू" यावर थांबू नका. त्याच डॉक्टरांकडे जाऊन जिभेचा कुठला भाग बधिर आहे ते कागदावर आखून घ्या, तारखेसकट. दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा आखा. हद्द आत सरकत असेल, मुंग्या यायला लागल्या असतील तर छान. तीन महिने होत आले आणि काडीचाही फरक नाही, तर नस शिवण्याची सूक्ष्म शस्त्रक्रिया करणाऱ्या मुखशल्यचिकित्सकाला दाखवायचं. तिथे वर्षभर वाट बघण्यात शहाणपण नाही.

शंकासुर
माझी शंका. शाळेच्या पुस्तकात जिभेचा नकाशा होता : टोकाला गोड, कडेला खारट-आंबट, मागे कडू. मग यांची गोड चव अर्धी आणि कडू पूर्ण शिल्लक असायला हवी ना?

विच्छेदक
शंकासुर, तो नकाशा विसरा. 1901 साली हेनिग नावाच्या जर्मन संशोधकाने जिभेच्या कडेकडेने चवी लावून पाहिल्या. कुठे ही चव किंचित लवकर कळते, कुठे ती, इतकाच फरक त्याला सापडला. 1942 मध्ये हार्वर्डच्या बोरिंगने आपल्या पुस्तकात त्याचा आलेख असा काही काढला, की कमी संवेदना म्हणजे शून्य संवेदना असं वाचणाऱ्यांना वाटलं. (होय, आडनाव खरंच बोरिंग.) 1974 मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्जने पुन्हा तपासलं : फरक आहेत पण बारीक, आणि सगळ्या चवी सगळीकडे कळतात. तोवर नकाशा जगभरच्या क्रमिक पुस्तकांत जाऊन बसला होता. गंमत अशी, की जिभेचा खरा नकाशा आहे, पण तो चवींचा नाही, नसांचा आहे. रात्री सविस्तर लिहितो.

शुभ्रा_ऐरोली
मला वाटायचं हे फक्त माझंच झालं! माझी दाढ नाही, कान. दोन वर्षांपूर्वी उजव्या कानाचा पडदा शिवला. कान झकास झाला, पण दुसऱ्या दिवसापासून चहा लोखंडी. दुधाचा, कोरा, गवती चहा घातलेला, सगळा जुनं नाणं चाटल्यासारखा. स्पर्श मात्र व्यवस्थित, गरम-गार सगळं कळायचं. घरचे म्हणाले, गोळ्यांमुळे. गोळ्या संपल्या तरी तेच. शेवटी तपासणीला गेले तेव्हा सर्जन सहज म्हणाले, "हो, चवीची नस मध्ये येते, थोडी बाजूला करावी लागली." कानात चवीची नस? आधी सांगितलं असतं तर पाच महिने सासूबाईंच्या पातेल्यांना तरी दोष दिला नसता.

मिरची_ताई
कानात चवीची नस!! जेवणाची तारीफ "कान तृप्त झाले" अशी करायला हरकत नाही मग. (हलके घ्या.)

विच्छेदक
बसतो आता. बत्तीस वर्षं शरीररचनाशास्त्र शिकवलं, त्यामुळे लांबण लागेल, कंटाळलात तर पुढे सरका.

मेंदूतून थेट निघणाऱ्या चेतांच्या, म्हणजे नसांच्या, 12 जोड्या. त्यातल्या पाच एकट्या जिभेत येतात. एवढ्याशा अवयवाला पाच का, तर जीभ एका कापडाची नाहीच, ती गोधडी आहे. गर्भाच्या गळ्यापाशी कमानीसारख्या वळ्या असतात. पहिल्या कमानीपासून जिभेचा पुढचा दोन-तृतीयांश भाग होतो, तिसरीपासून मागचा एक-तृतीयांश, अगदी मुळाशी चौथी. दुसरी कमान या धांदलीत खाली दबून जाते. स्नायू तर आणखी लांबून, मानेच्या वरच्या, डोक्याच्या मागच्या भागातून सरकत येतात. प्रत्येक तुकड्याने आपापली नस बरोबर आणली आणि शिवण पडल्यावरही सोडली नाही.

म्हणून पुढच्या भागाचा स्पर्श, ऊन-गार, दुखणं हे पाचव्या जोडीकडे. दंतोपंतांनी सांगितलेली नस तिचीच फांदी. त्याच भागाची चव सातव्या जोडीकडे, म्हणजे जी मुळात चेहऱ्याचे स्नायू हलवते तिच्याकडे. मागच्या भागाचा स्पर्श आणि चव दोन्ही नववीकडे. अगदी मुळाशी, श्वासनलिकेवरच्या झाकणापाशी, दहावी. हालचाल बारावीची. नौपाडेकर, तुमचा घसा वाचला तो नववीमुळे. ती दाढेच्या वाटेला जातच नाही.

आता शुभ्राताईंचं कोडं. सातव्या जोडीची चवीची फांदी सरळ जिभेकडे जात नाही. ती मधल्या कानात शिरते, पडद्याच्या मागून, हातोडी आणि ऐरण या चिमुकल्या हाडांच्या मधून, तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणून जाते. तिचं लॅटिन नावच 'ढोलाची तार' अशा अर्थाचं आहे. मग हाडाच्या बारीक फटीतून बाहेर पडते आणि पाचवीच्या जिभेच्या नसेला जाऊन मिळते, जणू वाटेत ओळखीची गाडी दिसली आणि बसली. तिथून दोघी एकत्र जिभेत.

म्हणजे कानात इजा झाली तर चव जाते आणि स्पर्श राहतो : शुभ्राताई. दोघींची गाठ पडल्यानंतरच्या वाटेवर, दाढेपाशी, इजा झाली तर दोन्ही जातात : नौपाडेकर. रोग्याने काय गेलं आणि काय राहिलं एवढं नीट सांगितलं, तरी कुठे बिघडलंय ते बोटावर मोजून काढता येतं. तीच तार जबड्याखालच्या लाळग्रंथींना पाझरायचा हुकूमही नेते, त्यामुळे काहींना ती बाजू कोरडी वाटते.

अवांतर : जिभेच्या मागे, व्ही अक्षराच्या आकारात, टोक घशाकडे, आठ-दहा मोठे गोल उंचवटे असतात. ते शिवणीच्या पुढे आहेत, म्हणजे सातवीचे असायला हवेत. पण आहेत नववीचे, कारण तिसऱ्या कमानीचं कापड थोडं पुढे सरकलेलं आहे. तोंडी परीक्षेत मी नेमकं हेच विचारायचो. शिव्या खाल्ल्या आहेत.

कढीपत्ता
गोधडी! दंडवत, सर. वाचनखूण साठवली.

घोडबंदरवासी
विच्छेदक सर, सातवी म्हणजे चेहऱ्याची म्हणालात म्हणून लिहिते. मागच्या पावसाळ्यात यांनी सकाळी चूळ भरली तर पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळालं. डावा डोळा मिटेना. शेजारचे म्हणाले, रात्री बसच्या खिडकीत बसून आले, वारं लागलं. पण यांची तक्रार वेगळीच : "कुकरची शिट्टी डाव्या कानात ठणकते" आणि "वरणाला चव नाही". आम्ही म्हटलं, घाबरलेत. हे सगळं एकाच नसेचं का?

विच्छेदक
एकाच नसेचं. याला बेल्स पाल्सी म्हणतात. सातवी जोडी कानामागच्या हाडातल्या अरुंद नळीतून जाते, तिथे सुजली की चेपते. चेहरा, चव, आणि मोठा आवाज आला की कानातलं रिकीब हे हाड आवरून धरणारा इवलासा स्नायू, तिघांचे धागे तिच्यातच. म्हणून कुकर ठणकला. यजमान बरोबर होते, वारं नव्हे.

एक मात्र सगळ्यांनीच ध्यानात धरा. चेहरा वाकडा झाला की घरी अंदाज बांधत बसू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा. या आजारात कपाळावरही आठी पडत नाही, पक्षाघातात बहुतेकदा कपाळ वाचतं, पण हा भेद डॉक्टरांनी करायचा. शिवाय बेल्समध्ये स्टिरॉइडच्या गोळ्या पहिल्या 72 तासांत सुरू झाल्या तरच खरा उपयोग.

घोडबंदरवासी
दुसऱ्याच दिवशी सुरू झाल्या. दोन महिन्यांत चेहरा सरळ. वरणाला आता पुन्हा नावं ठेवतात.

मास्तर_सेवानिवृत्त
मी संस्कृतचा माणूस, वैद्यकात लुडबुड करत नाही. पण "तिखट ही चव" हे सगळे गृहीत धरताहेत म्हणून बोलतो. आपले सहा रस : मधुर, आम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय. इथे मराठी माणूस हमखास फसतो. कटु म्हणजे कडू नव्हे, तिखट. त्रिकटु म्हणजे सुंठ, मिरी, पिंपळी. आणि तिक्त म्हणजे कडू, कडुनिंबासारखं. शब्द मराठीत येता येता अर्थ बदलून बसला. मिरची तर पोर्तुगीजांनी आणली, शास्त्रकारांपुढे होती ती मिरी.

विच्छेदक
मास्तर, फार मोलाचं बोललात. रुचिकलिका (चव ओळखणाऱ्या पेशींचे बारीक झुबके) ज्या ओळखतात त्या पाच : गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. उमामी 1908 मध्ये जपानच्या किकुनाए इकेडांनी समुद्रशेवाळाच्या रश्श्यातून शोधली. आपल्याकडे वाळवलेल्या मासळीत आणि पिकल्या टोमॅटोत ती भरपूर. तिखट यात बसत नाही. मिरचीतला दाहक पदार्थ जिभेवरच्या ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) जाऊन चिकटतो, तो मुळात चटका ओळखण्यासाठी आहे. साधारण 43 अंश सेल्सियसच्या वर तो जागा होतो. मिरची त्याला थंड असतानाच फसवते, मेंदूला निरोप जातो "भाजलं". 1997 मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूने तो शोधला, 2021 चं नोबेल त्यांना आणि अर्देम पटापूटियन यांना मिळालं. मिरीसुद्धा तेच दार ठोठावते. म्हणून मिरची आली तेव्हा तिला बसायला 'कटु'चा पाट आधीच मांडलेला होता. हा निरोप पाचव्या जोडीचा, त्यामुळेच नौपाडेकरांची मिसळ अर्धी लागली. तुरटही बहुतांशी स्पर्शच : सुपारी, कच्चं केळं लाळेतल्या प्रथिनांना धरतं, बुळबुळीतपणा जातो आणि जीभ खरखरते.

मास्तर_सेवानिवृत्त
मान्य. पण पानावर बसलेला माणूस नस विचारून जेवत नाही, त्याला सहाच लागतात.

विच्छेदक
तेही मान्य.

नौपाडेकर
सगळ्यांचे आभार, मिसळ बंद केली आहे. पण चव गेली की नाही, हे अजून कळलं नाही.

दंतोपंत
घरच्या घरी बघता येईल. साखरेचं पाणी, मिठाचं पाणी, लिंबाचं पाणी, कारल्याचा रस. एका कागदावर "गोड, खारट, आंबट, कडू, काही नाही" असं मोठं लिहा. जीभ बाहेर काढून स्वच्छ फडक्याने टिपा, नाक चिमटीत धरा. दुसऱ्याने कापसाच्या काडीने एका बाजूला थेंब लावायचा आणि तुम्ही जीभ आत न घेता कागदावर बोट ठेवायचं. जीभ आत गेली की पाणी उजवीकडे पसरतं आणि परीक्षेत कॉपी होते. दर वेळी चूळ भरा.

नाक का धरायचं, तर आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा वासाचा. नाक धरून वेलचीचं आणि केशराचं श्रीखंड ओळखून दाखवा, दोन्ही नुसती गोड-आंबट. कोविडमध्ये ज्यांची "चव गेली" त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं खरं तर नाक गेलं होतं.

नौपाडेकर
केली परीक्षा! जेवणाच्या टेबलावर जीभ बाहेर काढून बसलो, बायको काडी घेऊन समोर, मुलगा व्हिडिओ काढतोय. उजवीकडे सगळं बरोबर. डावीकडे पुढे : काही नाही, काही नाही, काही नाही. मग बायकोने काडी मागे सरकवली आणि कारल्याला मी उडालो. डावीकडेच, पण मागे. नववी जोडी जिंदाबाद. म्हणजे पुढची डावी चव खरंच गेली आहे. मग आमटीतलं मीठ कसं कळतं?

विच्छेदक
उजवी बाजू आहे, दोन्हीकडची नववी आहे, टाळूवरही रुचिकलिका आहेत. शिवाय एक तार गप्प झाली की बाकीच्यांवरचा दाब उठतो आणि त्या थोड्या मोठ्याने बोलतात, असं प्रयोगांत दिसलंय. म्हणून अर्धी चव जाऊनही कित्येकांना पत्ता लागत नाही. तुम्हाला कळलं, कारण स्पर्शही गेला.

आणि आशेचं सांगतो. रुचिकलिकेतल्या पेशी काही जन्माच्या सोबती नाहीत, दहा दिवस ते दोन आठवड्यांत बदलतात. पण नस मेली तर कलिकाही वाळतात आणि नस परतली की पुन्हा उगवतात. नस वाढते मात्र दिवसाला साधारण 1 मिलीमीटर. दाढेपासून जिभेच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा आणि तेवढी कळ काढा.

शंकासुर
एक शेवटची शंका. बारावी बिघडली तर?

विच्छेदक
मग जीभ बाहेर काढताना आजारी बाजूला वळते. बैलजोडीतला डावा बैल बसला की गाडी डावीकडेच वळते ना, तसं. डॉक्टर "जीभ दाखवा" म्हणतात तेव्हा फक्त रंग बघत नसतात.

मिरची_ताई
विनोद बाजूला ठेवून एक सांगू? माझ्या काकांना चार महिने डावा कान दुखायचा. थेंब टाकत राहिले. कानात काहीच नव्हतं. जिभेच्या कडेला न भरणारी जखम होती, तंबाखू चाळीस वर्षांची. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण तंबाखूचा बार भरणारे जिथे तिथे. खारघरला टाटाच्या कर्करोग केंद्रात उपचार झाले, आता ठीक आहेत. कान आणि जीभ यांचं हेही त्याच नसेमुळे का?

दंतोपंत
त्याच पाचव्या जोडीच्या खालच्या फांदीची एक उपफांदी जिभेला, दुसरी कानाजवळ. मेंदूचा पत्त्यात गोंधळ होतो. तोंडातली कुठलीही जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर दाखवाच, दुखत नसली तरी. दुखत नसली तर जास्तच.

नौपाडेकर
(सहावा आठवडा) जिभेच्या डाव्या कडेला मुंग्या. दात घासताना शॉक बसल्यासारखं होतं. नकाशात बधिर भाग बोटभर मागे हटलाय. डॉक्टरांनीही या वेळी तारीख टाकून आखून घेतलं, धाग्याचं प्रिंट दाखवलं होतं. 😀

शुभ्रा_ऐरोली
मुंग्या म्हणजे चांगलं! माझाही चहा परत यायच्या आधी आठवडाभर नुसता विचित्र लागत होता.

नौपाडेकर
(अकरावा आठवडा) परीक्षा पुन्हा. डावीकडे पुढे काहीतरी लागतंय, पण मिठाला मी "कडू" वर बोट ठेवलं आणि लिंबाला "खारट" वर. बायकोने शून्य मार्क दिले. मी म्हटलं, अगं "काही नाही" वर तर नाही ना ठेवलं.

नौपाडेकर
(तेरावा आठवडा) काल रात्री जेवताना जीभ चावली. डावी बाजू. कोंबडीच्या रश्श्याबरोबर. डोळ्यांत पाणी आलं इतकी दुखली.

कढीपत्ता
अभिनंदन!!!

शुभ्रा_ऐरोली
अभिनंदन!

मास्तर_सेवानिवृत्त
अभिनंदन. कटु अनुभव, दोन्ही अर्थांनी.

दंतोपंत
अभिनंदन. कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरा, चार दिवसांत भरून येईल.